नाना डॉक्टरांचा वजीर

नाना डॉक्टर गेल्याची बातमी आमच्या बुद्धिबळाच्या ग्रुपवर आली, तेव्हा मी धुळ्याच्या बसस्टँडवर शिरपूरच्या गाडीची वाट बघत होतो. बातमीखाली हात जोडल्याची चित्रं येत गेली. मग कुणीतरी एका पटाचा फोटो टाकला. काळ्या राजाच्या दारात, काळ्या प्याद्याच्या अगदी तोंडात, एकटा पांढरा वजीर उभा. खाली लिहिलं होतं, 'खानदेशातला सगळ्यात धाडसी वजीर. नानांना सलाम.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. शेवटी आमच्या संघाच्या देवरे सरांनी माझं नाव घालून लिहिलं, 'समोर तुम्हीच बसला होतात. स्मरणिकेत त्या डावावर तुम्हीच लिहा.'

फोटोतला काळा राजा माझा. गाडी आली, भरली, निघून गेली. मी तिथेच उभा.

लिहितो म्हणालो. पण स्मरणिकेला डाव हवा आहे, आणि मला माणूस सांगायचा आहे. तो सांगताना एक गोष्ट येईल, जी मी आजवर घरातसुद्धा बोललेलो नाही. छापायची की नाही ते देवरे सरांनी ठरवावं.

नाना दातांचे डॉक्टर. जळगावला नवीपेठेत, कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. मूळचे यावलकडच्या केळीवाल्या घरातले. धिप्पाड देह, आवाज बारीक, आणि पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम वेलदोडे. मी धुळ्याचा. पाटबंधारे खात्यात लागून जळगावला गेलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात गाल सुजवून त्यांच्या बाकावर जाऊन बसलो.

ते बाहेर आले. बाकावरच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि माझ्यापाशी थांबले.

"गाव कुठलं?"

"धुळे."

"मग असं विचारायला पाहिजे. कोठे दुखस, भाऊ?"

परक्या गावात आपली बोली ऐकून मला भरून आलं, आणि मी दाखवायला तोंड उघडलं. त्यांनी हनुवटीला बोट लावून ते बंद केलं.

"थांब. आधी चेहरा वाचू दे." बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तू खालची दाढ दाखवणार. खालची नुसती ओरडते आहे. दुखतेय वरची, मागून दुसरी."

मी खालचीच दाखवणार होतो. दुखत वरचीच होती.

हे त्यांचं नेहमीचंच. म्हणायचे, "तोंड उघडलं की माणूस सांगायला लागतो, आणि सांगायला लागला की चुकतो. चेहऱ्याला तेवढी अक्कल नसते, तो आपला खरं ते दाखवत बसतो."

आतल्या खोलीत, कवळ्यांच्या प्लॅस्टरच्या साच्यांमध्ये, एक बुद्धिबळाचा पट मांडलेला असे. माझी नजर तिकडे गेली तशी त्यांनी मला उपचाराच्या खुर्चीत बसवायच्या आधीच विचारलं, "येतं का?" येतं म्हटल्यावर त्यांनी हिरडीत इंजेक्शन दिलं, खुर्ची सरकवून पटाकडे वळवली आणि म्हणाले, "सुन्न व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात तुझा हत्ती काढतो." हत्तीही काढला आणि दाढही. पटावरचं एक पांढरं प्यादं हरवलेलं होतं, त्या जागी त्यांनी प्लॅस्टरची दाढ उभी केली होती. ती दाढ पुढे सरकवताना त्यांना कोण आनंद व्हायचा.

त्या दिवसापासून ऑफिस सुटलं की मी नवीपेठेत. ते मला नावाने हाक मारत नसत. "या धुळेकर," एवढंच. आणि 'शह' हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. राजाला शह दिला की म्हणायचे, "आ करा." मात झाली की म्हणायचे, "चूळ भरा." पलीकडच्या खुर्चीतला पेशंट बिचारा खरंच आ करायचा.

पेशंटशी ते त्याच्या त्याच्या बोलीत बोलत. यावलकडची एक म्हातारी होती, सगळे तिला अक्का म्हणायचे. तिला नानांनी झकास कवळी करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती परत हजर, कवळी पदरात बांधून.

"डाक्टर, हे दात माह्ये नही वाटत. नव्या नवरीचे वाटता."

"अहो अक्का, चांगले दिसताय ना."

"चांगलेच दिसता रे बाबा, तेच तं वांधं आहे. माह्या मालकाले जाऊन वरीस नही झालं. लोक काय म्हनतीन?"

मी आत हसू दाबत बसलो होतो. नाना हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडून तिच्या मूळच्या दातांची सगळी हकिकत विचारून घेतली. कुठला वाकडा होता, कुठे फट होती, सुपारीने कुठले पिवळे झाले होते. मग नवी कवळी केली, जरा पिवळसर, पुढच्या दोन दातांत बारीक फट असलेली. अक्का आरशात बघून रडली. "आता मी मी दिसते," म्हणाली. ती खाली उतरल्यावर नाना पटाशी येऊन बसले आणि डाव चालू करायच्या ऐवजी नुसते बसून राहिले. मी म्हटलं, "नाना, तुमची चाल." म्हणाले, "थांब रे. फट जमली ती."

असा माणूस. आता पुढचं.

वर्षं गेली. नानांचा मुलगा औषधांच्या कंपनीत लागला आणि सून आली तीही दातांचीच डॉक्टर. मृणाल, शिरपूरची. कमी बोलणारी, हाताने हलकी. दवाखान्यात दुसरी खुर्ची आली. त्याच सुमारास मला नानांच्या खेळात काहीतरी वेगळं दिसायला लागलं. आधी कळेना काय. मग एका संध्याकाळी लक्षात आलं. त्यांनी मोहरे उचलणं सोडलं होतं. ते ढकलत होते. हत्ती, उंट, वजीर, सगळे पटावरून घासत न्यायचे. घोडा मात्र ढकलता येत नाही, त्याला मधल्यांवरून उचलून न्यावं लागतं. घोड्याची चाल आली की नाना चष्मा पुसायला लागायचे, माझी नजर दुसरीकडे वळेपर्यंत.

मी काही बोललो नाही. पण मी बघितलंय हे माझ्या चेहऱ्याने सांगितलंच असणार.

"बघितलंस ना?" एके दिवशी त्यांनी दार लोटून घेत विचारलं आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. हात हलत होता. फार नाही, झाडाचं पान हलावं तेवढा.

"सुई मी सोडली आहे," ते म्हणाले. "मशीनला हात लावत नाही. कळलं त्याच दिवशी सोडलं. सगळं काम मृणाल करते, मी नुसता बोलतो आणि कवळ्यांची मापं बघतो. पण लोक माझ्या नावावर येतात. म्हाताऱ्याचा हात हलतो असं एकदा बाहेर गेलं, की माझ्याकडे तर येणार नाहीतच, तिच्याकडेही बसणार नाहीत. थोडा वेळ पाहिजे. तिच्या हाताची खात्री पटू दे लोकांना. मग मी स्वतः माझ्या नावाची पाटी उतरवतो आणि तिची लावतो. घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही. तुला म्हणून सांगितलं."

मी म्हटलं, "नाना, माझ्या तोंडून शब्द जाणार नाही."

हे वाक्य मी तेव्हा म्हणालो होतो. ते इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

दर हिवाळ्यात जळगाव आणि धुळ्याच्या खेळाडूंचा सामना होतो, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. त्याचा एक अलिखित नियम आहे. राहा कुठेही, खेळायचं मूळ गावाकडून. त्यामुळे जळगावला राहूनही मी धुळ्याच्या बाजूने बसायचो, आणि जळगावकर त्यावरून माझी सालं काढायचे. त्यातले पुढारी राठीशेठ. नवीपेठेतले कापडवाले, स्वतःला खेळ यथातथा येतो, पण प्रत्येक पटामागे उभे राहून डोळे मोठे करणार. "पगार जळगावचा, पाणी जळगावचं, आणि प्यादी धुळ्याची! धुळेकर, आज जेवायला तरी आमच्यात बसणार ना?" सामन्यानंतर भरिताचं जेवण असतं, केळीच्या बागेत. त्याच्यावरून हे टोमणे.

त्या वर्षी सामना जळगावला होता, एका शाळेच्या सभागृहात. देवरे सर आमच्या धुळ्याच्या संघाचे कर्तेधर्ते. त्यांचा पहिल्या पटावरचा खेळाडू तापाने पडला आणि त्यांनी मला तिथे बसवलं. समोर नाना.

इतकी वर्षं रोज संध्याकाळी खेळूनही मी नानांना असं, घड्याळ लावून, लोकांसमोर, कधी हरवलं नव्हतं. त्या दिवशी डाव माझ्या बाजूने झुकत गेला. माझं एक प्यादं जास्त होतं आणि नाना विचार करकरून खेळत होते. एकेक पट संपत गेले, दोन्ही गावांची बरोबरी झाली, आणि सगळा सामना आमच्या पटावर येऊन थांबला. माणसं खुर्च्या सोडून आमच्याभोवती गोळा झाली. राठीशेठ नानांच्या मागे, देवरे सर माझ्या मागे. मला आतून उकळ्या फुटत होत्या. मी जिंकत होतो.

नानांनी वजिरावर बोटं ठेवली आणि तो तिरका ढकलला. वजीर पुढे गेला, माझ्या राजासमोरच्या प्याद्यांपर्यंत गेला, आणि प्याद्याच्या थेट तोंडात जाऊन थांबला. नानांचा हात सुटला.

हात सुटला की चाल झाली.

सभागृहात कुणीतरी "अरेऽ" म्हणालं. राठीशेठ तर ओरडलेच, "नानाजी, ये क्या किया!" प्याद्याने घ्यायचा म्हटलं तर वजीर फुकट होता. वजीर गेला की डाव गेला, सामना गेला. देवरे सरांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि दाबला गेला.

मी प्यादं उचलणार, तेवढ्यात मला दिसलं.

मी वजीर घेतला, की माझं प्यादं जागचं हलणार. त्या फटीतून, पार पलीकडच्या कोपऱ्यातल्या त्यांच्या उंटाची नजर माझ्या राजावर पडणार. मधे फक्त त्यांचाच घोडा. तो घोडा उठला, की उंटाचाही शह आणि घोड्याचाही. दोन शह एकदम, त्यातून राजाला एकच घर पळायला. आणि तिथे गेला की तोच घोडा पुन्हा उडी मारणार आणि मात. घेतला नाही तरी बचाव नव्हता. कानशिलावरून घाम ओघळला. इतकी वर्षं मी ज्या माणसासमोर बसत होतो, तो असं काही करू शकतो हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आणि मग मी तोंड उघडलं.

मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नाना, हात थरथरला तुमचा. राहू द्या. वजीर मागे घ्या. तुम्हाला अलीकडच्या घरात ठेवायचा होता, कळतंय मला. माझी काही हरकत नाही."

मी काय बोललो ते माझं मला ऐकू आलं ते शेवटच्या शब्दानंतर. वजीर मागे गेला असता तर मी वाचलो असतो. तेवढ्यासाठी, एका संध्याकाळच्या डावासाठी, ज्यावर एका माणसाचं घर टेकलेलं होतं ते मी पटावर काढून ठेवलं होतं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ, त्या पहिल्या दिवशी बाकावर पाहिलं होतं तसं. मग पटाकडे पाहिलं. घड्याळ त्यांचंच चालू होतं, ते चालू दिलं. आणि शेवटी म्हणाले, "हात थरथरला नाही. चाल आहे ती." आणि घड्याळाचं बटण दाबलं.

मला वजीर घ्यावा लागला.

आता घोड्याची पाळी. घोडा ढकलता येत नाही. नानांनी तो उचलला, आणि सभागृहातली एकूण एक नजर पटावर नव्हती, त्यांच्या हातावर होती. घोडा हवेत हलत होता. खाली ठेवताना तो शेजारच्या प्याद्याला लागला आणि प्यादं डुगडुगलं. माझा राजा पळाला. त्यांनी पुन्हा घोडा उचलला. पुन्हा तेच. घोडा बसला. मात.

ते "चूळ भरा" म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते काही बोलले नाहीत.

टाळ्या वाजल्या, खूप वाजल्या. जळगाव जिंकलं होतं, तेही वजीर देऊन. पोरांनी पटाचे फोटो काढले, तेच हे फोटो. पण टाळ्या ओसरल्यावर मागे जी कुजबुज सुरू झाली ती मला ऐकू येत होती. राठीशेठ बायकोला फोनवर सांगत होते. डावाबद्दल नाही.

आणि बक्षीस समारंभात माझं नाव पुकारलं गेलं. फुकट मिळालेला वजीर परत द्यायला निघालेला खेळाडू म्हणून मला खिलाडूवृत्तीचा खास चषक मिळाला. मी उठलो, गेलो, चषक घेतला, नारळ घेतला, वाकून नमस्कार केला. तो चषक अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. बायको तो दर दिवाळीला लखलखीत घासते.

संध्याकाळी केळीच्या बागेत सगळे जमले. कपाशीच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजून झाली होती, बडगी मांडली होती. या लाकडी भांड्यात भरीत ठेचायचं काम दरवर्षी नानांचं. ते बाह्या सरसावून बसायचे, ठेचता ठेचता प्रत्येकाच्या डावाची टिंगल करायचे, आणि त्यांच्या हातचं भरीत म्हणजे भरीत, असं सगळे म्हणायचे. त्या दिवशीही ते बाह्या सरसावून बसले. मुसळाला हात घातला. राठीशेठनी ते अगदी हळू, अगदी अदबीने त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"नानाजी, तुम्ही आराम करा. आज आम्ही."

नाना उठले. बाह्या खाली केल्या, बटणं लावायला गेले आणि बटण लागेना. मी समोर पत्रावळ घेऊन बसलो होतो. घासभर भरीत तोंडात होतं, ते गिळता येईना आणि थुंकताही.

राठीशेठच्या एका दाढेचं काम मृणालकडे अर्धं झालेलं होतं. उरलेलं त्यांनी दुसरीकडे केलं. वाईट माणूस नव्हे, नंतर नानांना गणपतीला मोदक पाठवत राहिले. सगळेच तसे चांगले होते. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर काही बोललं नाही, नुसते येईनासे झाले. मी संध्याकाळी जायचो तेव्हा बाकावर कुणी नसायचं. मृणाल दुसऱ्या खुर्चीत पुस्तक वाचत बसलेली. ती मला चहा द्यायची आणि माझ्याकडे बघायची नाही. पुढच्या पावसाळ्यात ती आणि नवरा नाशिकला गेले. तिने तिथे दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी धरली. नवीपेठेतली पाटी नानांनीच उतरवली. त्या जागी दुसरी लागली नाही.

नाना धुळ्याला लेकीकडे राहायला आले, देवपुरात. माझीही बदली धुळ्याला झाली. एकाच गावात होतो. मी बाजारात जायचा रस्ता बदलला.

कितीतरी वर्षांनी त्यांची लेक मला भाजी घेताना भेटली. म्हणाली, "नाना विचारत राहतात, धुळेकर धुळ्याला आला ना, मग दिसत का नाही?" मी काहीतरी सबब सांगितली. घरी आलो. पिशवी तशीच दारात ठेवून उलटा देवपूरला गेलो.

खिडकीशी बसले होते. देह निम्मा झालेला. डाव्या हाताने उजवा हात मांडीवर धरून ठेवलेला, तरी तो खालून हलतच होता. समोर तोच पट, प्लॅस्टरच्या दाढेसकट. मला पाहून त्यांनी डोळे बारीक केले.

"कोठे दुखस, भाऊ?"

मी बसलोही नाही. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. "नाना, त्या दिवशी तुमचा हात थरथरला नव्हता. मला ते माहीत होतं. मला मात दिसली होती. तुम्ही वजीर मागे घ्यावा आणि मी वाचावं, म्हणून मी तसं बोललो. दया नव्हती ती. तुमचा विश्वास मी एका डावासाठी विकला."

नाना ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "थरथरला होता."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही.

"मला वजीर अलीकडच्या घरात ठेवायचा होता," ते म्हणाले. "तू म्हणालास अगदी त्याच घरात. हात घसरला, वजीर एक घर पुढे गेला. हात सुटला. तू बोललास ते अक्षर न् अक्षर खरं होतं."

"मग ती मात?"

"मला कुठे दिसली होती? मी पटाकडे नव्हतो बघत. तुझ्याकडे बघत होतो. फुकटचा वजीर मिळालेला माणूस, आणि तोंड असं की दाढ उपटायला बसवलाय. म्हटलं, याला दुखतंय. कुठे दुखतंय ते शोधायला लागलो. मग घोडा सापडला."

मी खाली बसलो. जमिनीवरच. ज्या वजिराचे गोडवे सगळा खानदेश गात होता तो घसरलेला हात होता, आणि ती मात माझ्या राजावर मीच शोधून दिली होती, न बोलता. मी खोटं म्हणून जे बोललो ते खरं होतं, आणि नाना जे खरं म्हणून बोलले ते खोटं. ते त्यांनी का म्हटलं हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. 'चाल आहे' म्हणून ते डाव वाचवत नव्हते. ते मृणालची खुर्ची वाचवत होते.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. मी का बोललो ते."

"चेहरा वाचता येतो मला."

"राग नाही आला?"

"आला. अजून आहे. नाशिकहून मृणालचा फोन आला की जास्त येतो."

"मग बोलावलंत कशाला?"

"खेळायला. इथे पटाशी बसतात ते सगळे घाई करतात रे." मग विचारलं, "सगळं सांगून झालं?"

"झालं."

"मग चूळ भर. आणि पट मांड."

त्यानंतर त्यांच्याकडे जात राहिलो. ते चाल तोंडाने सांगायचे, मी त्यांचे मोहरे हलवायचो. एकदा मी विचारलं, हे लोकांना सांगू का? म्हणाले, "मी आहे तोवर नको. नंतर सांग. तो वजीर फार मोठा होऊन बसलाय, त्याला जरा खाली आणला पाहिजे. पण मृणालला विचार आधी." परवा तिला फोन केला. सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लिहा. पण सुई त्यांनी केव्हाच सोडली होती, हे पहिलं लिहा." वर लिहिलं आहे. पुन्हा लिहितो. सुई त्यांनी केव्हाच सोडली होती.

त्यांना शेवटचं पाहिलं ते एका दुपारी. डाव संपवून मी निघालो, फाटकापाशी चप्पल घालताना मागे वळून पाहिलं. मी गेलो असं समजून नाना एकटेच पटावर वाकले होते. डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून ते वजीर तिरका ढकलत होते. फार वेळ लागत होता. एका घरात वजीर थांबला. मी ते घर ओळखलं, अलीकडचं.

नाना थोडे थांबले. मग त्यांनी वजीर आणखी एक घर पुढे ढकलला, आणि हात सोडला.